स्टाउटचा पेला आणि अरिष्टाची बाटली

आयुर्वेदाच्या त्रैमासिकात बिअरच्या आस्वादनावर लेख पाहून अनेक वैद्यबंधूंच्या भुवया उंचावतील, याची आम्हांस कल्पना आहे. म्हणून प्रारंभीच स्पष्ट करतो की, मद्यपानाचा पुरस्कार हा या लेखाचा हेतू नाही. किण्वनाने तयार होणाऱ्या एका पेयाची परीक्षा पाश्चात्त्य देशांत किती काटेकोर शिस्तीने केली जाते आणि त्या शिस्तीतून आसवारिष्टे बनविणाऱ्या व वापरणाऱ्या आपल्या वर्गाने काय घ्यावे, एवढाच आमचा विषय आहे. मात्र ही शिस्त समजून घ्यायची तर त्या पेयाची ओळख करून घेणे भाग आहे.

विषय वाटतो तितका परका नाही. आज फार्मसीमध्ये अरिष्टाचे संधान पूर्ण झाले किंवा नाही, ते आंबले की बिघडले, मागच्या घाण्यासारखेच उतरले की वेगळे, हे बहुधा एखादा जुना, अनुभवी कारागीर वास घेऊन व जिभेवर थेंब ठेवून सांगतो. त्याचा निर्णय अनेकदा अचूक असतो. परंतु तो कागदावर उतरत नाही. तो कारागीर निवृत्त झाला की त्याची जीभही त्याच्याबरोबर घरी जाते. पुढच्या वर्षी दशमूलारिष्ट 'पूर्वीसारखे लागत नाही' अशी तक्रार वैद्यांकडून येते, तेव्हा पूर्वीचे कसे लागत होते हे सांगणारी एकही नोंद आपल्यापाशी नसते. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या औषधाच्या बाबतीत ही स्थिती समाधानकारक म्हणता येणार नाही.

आपल्या शास्त्रातील मद्यविचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात आसवांच्या नऊ योनी सांगून त्यांपासून होणारी ८४ आसवे मोजली आहेत : धान्यापासून ६, फळांपासून २६, मुळांपासून ११, सारापासून २०, पुष्पांपासून १०, कांडापासून ४, पत्रांपासून २, त्वचेपासून ४ आणि शर्करेपासून १. त्याच चरकसंहितेत चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्ययाला वाहिलेला आहे. द्रव्याचे सूक्ष्म ज्ञान आणि त्याच्या अतियोगाचे भान, या दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात नांदतात. आमची भूमिका याहून वेगळी नाही.

शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडात संधानकल्पनेचा सविस्तर विचार आहे. क्वाथ न करता सिद्ध होणारे ते आसव आणि क्वाथापासून होणारे ते अरिष्ट, हा भेद सर्वांस परिचित आहे. सुरेच्या वर्णनात तर वरचा स्वच्छ भाग प्रसन्ना, त्याखालील घट्ट भाग कादंबरी, त्याखाली जगल आणि मेदक, असे थरांचे स्वतंत्र नामकरण आढळते. एका भांड्यातील द्रवाच्या निरनिराळ्या थरांना वेगवेगळी नावे देणारी दृष्टी ही परीक्षकाचीच दृष्टी होय. धान्यापासून किण्वाच्या साहाय्याने होणारी सुरा आणि जवापासून होणारी बिअर यांचे कूळ एकच आहे.

पोर्टर ते स्टाउट

बिअरचे घटक मोजके : मोड आणून वाळविलेले जव म्हणजे माल्ट, पाणी, यीस्ट आणि हॉप्स नावाच्या वेलीची फुले. माल्टमधील पिष्टाची गरम पाण्यात शर्करा होते. तो गोड द्रव हॉप्स घालून उकळतात. थंड झाल्यावर यीस्ट त्या शर्करेचे मद्य व कर्बवायू करते. हॉप्समधील आम्ले उकळताना रूपांतरित होऊन कडू रस देतात आणि बिघाड घडविणाऱ्या काही जीवाणूंनाही आवर घालतात. प्रक्षेपाच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या धायटीच्या फुलांचे आणि हॉप्सचे स्थान शेजारशेजारचे आहे. फरक एवढाच की धायटी कषाय रस देते आणि संधान सुरू होण्यासही साह्य करते.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये पोर्टर नावाची गडद बिअर लोकप्रिय झाली. ओझी वाहणाऱ्या हमालांची ती आवडती, म्हणून हे नाव पडले. तिच्या अधिक तीव्र प्रकाराला 'स्टाउट पोर्टर' म्हणजे दमदार पोर्टर म्हणत. पुढे 'स्टाउट' एवढेच उरले. १७५९ साली आर्थर गिनेस यांनी डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेट येथील जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने तब्बल ९००० वर्षांच्या कराराने घेतली. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यामुळे थोड्याशा काळ्या माल्टने संपूर्ण पेयाला रंग व भाजका स्वाद देता येऊ लागला आणि आजच्या स्टाउटचे रूप ठरले. एकच धान्य, परंतु अग्निसंस्काराच्या मात्रेने त्याचा वर्ण, गंध आणि रस पालटतो. 'संस्कारो हि गुणान्तराधानम्' हे सूत्र शिकविताना देण्याजोगे हे उदाहरण आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोठ्या कारखान्यांमुळे जगभरची बिअर एकसारखी होत चालली. त्याविरुद्ध प्रथम ब्रिटन व अमेरिकेत लहान उत्पादकांची चळवळ उभी राहिली. मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' या ग्रंथाने प्रदेशागणिक असलेल्या बिअरच्या प्रकारांची मांडणी केली आणि तिचा या चळवळीला मोठा आधार मिळाला. आपल्याकडे पुण्यात २००९ साली डूलाली हा लघुउद्योग सुरू झाला आणि पुढील दशकात पुणे, मुंबई व गोव्यात असे अनेक उद्योग उभे राहिले.

पेल्यासमोर बसताना

आस्वादनाचे काही नियम सर्वमान्य आहेत. खोलीत अत्तर, उदबत्ती वा स्वयंपाकाचा वास नसावा. परीक्षकाने आधी तिखट खाऊ नये, तंबाखू-सुपारी वर्ज्य करावी. फिकट व सौम्य नमुन्याकडून गडद व तीव्र नमुन्याकडे जावे. दोन नमुन्यांच्या मध्ये साधे पाणी आणि कोरड्या पावाचा तुकडा घ्यावा. नमुना अतिशीत नसावा, कारण थंडीने जीभ बधिर होते व गंध दबतो. स्टाउटसाठी १० ते १३ अंश सेल्सिअस हे तापमान योग्य मानतात. प्रत्येकी ५० मिलीलीटरहून अधिक घेण्याचे कारण नाही.

परीक्षेचा क्रमही ठरलेला आहे : प्रथम फेस व वर्ण, मग गंध, मग रस, मग तोंडात जाणवणारा पोत, आणि शेवटी घोट गेल्यावर मागे राहणारी चव. या शेवटच्या टप्प्याला आपल्या परिभाषेत अनुरस म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. अमेरिकेत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या पत्रिकेत एकूण ५० गुण असतात : गंधाला १२, रूपाला ३, रसाला २०, पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला केवळ ३ गुण आहेत, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता चार प्रकारांची तुलना पाहू. आयर्लंडचा कोरडा स्टाउट न भाजलेल्या माल्टबरोबर भाजलेले, मोड न आणलेले जव वापरून करतात. तो काळा दिसतो. पण दिव्यासमोर धरला तर गडद माणकासारखा तांबडा असतो. त्याचा गंध भाजलेल्या कॉफीचा, रस तिक्त आणि शेवट कोरडा. पिंपातून ओतलेल्या अशा स्टाउटमध्ये गिनेसने १९५९ मध्ये नत्रवायूचा उपयोग रूढ केला. नत्रवायूचे बुडबुडे बारीक असतात व कर्बवायूप्रमाणे जिभेला चुरचुरत नाहीत. म्हणून तो सायीसारखा मऊ लागतो. दुसरा मिल्क स्टाउट. यात दुग्धशर्करा घातलेली असते. बिअरचे यीस्ट तिचे किण्वन करू शकत नाही, त्यामुळे मधुर रस शिल्लक राहतो. तिसरा ओट्सचा स्टाउट. ओट्समुळे त्याला स्निग्ध, पिच्छिल पोत येतो. चौथा इंपीरियल स्टाउट. अठराव्या शतकात इंग्लंडहून रशियाच्या राजदरबारी जाणारा हा प्रकार ८ ते १२ टक्के मद्यांशाचा, घट्ट, मनुका व काकवीची आठवण देणारा, शेवटी घशाला उष्ण लागणारा असतो.

हे चार पेले ओळीने ठेवले तर डोळ्यांना चारही सारखेच काळे दिसतात. वास्तविक कोरड्या स्टाउटचा मद्यांश ४ टक्क्यांच्या आसपास, तर इंपीरियलचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. याउलट बेल्जियमची सोनेरी, फिकट ट्रिपेल बिअर ८ ते ९ टक्क्यांची असते. वर्णावरून वीर्य ठरत नाही, हा पहिला धडा. काळे व दाट अरिष्ट म्हणजे 'स्ट्राँग' अरिष्ट, अशी ग्राहकाची समजूत असते आणि काही उत्पादक ती समजूत रंग घालून जोपासतात. औषधविक्रेत्यांनी या समजुतीला खतपाणी घालू नये.

आपल्या अरिष्टांशी सर्वांत जवळचे नाते मात्र स्टाउटचे नसून ब्रसेल्स परिसरातील लँबिक बिअरचे आहे. तिच्यात तयार यीस्ट घालत नाहीत. हवेतील व लाकडी पिंपातील सूक्ष्मजीवांकडूनच किण्वन होते. त्यासाठी थंडीचे महिने निवडतात आणि एक ते तीन वर्षे वाट पाहतात. प्रत्येक पिंप वेगळे उतरते. म्हणून जुन्या व नव्या पिंपांतील द्रव चाखून, त्यांचे मिश्रण करून ग्यूझ नावाची बिअर सिद्ध करतात. निसर्गावर सोपविलेल्या संधानात एकसारखेपणा आणावयाचा तर चाखणाऱ्याची जबाबदारी कमी न होता वाढते, हा दुसरा धडा.

दोषांची भाषा

मद्यनिर्मितीच्या रसायनशास्त्रातील तज्ज्ञ मॉर्टेन मायलगार्ड यांनी १९७० च्या दशकात बिअरमधील गंध व रसांचे एक चक्र तयार केले आणि युरोप-अमेरिकेतील मद्यनिर्मितीच्या संस्थांनी ते स्वीकारले. 'चांगले', 'वाईट', 'कसेसेच' अशा शब्दांऐवजी प्रत्येक गंधाला ठरलेले नाव आणि प्रत्येक नावामागे ठरलेले कारण, असे त्याचे स्वरूप आहे. आपल्या फार्मसीत उपयोगी पडतील असे काही दोष पाहू.

शिरक्याचा वास व तीक्ष्ण आंबटपणा आला, तर हवा आत शिरून जीवाणूंनी मद्याचे असेटिक आम्ल केले असे समजावे. संधानपात्राची कापडमाती सुटली, झाकण वारंवार उघडले किंवा पात्र अर्धे रिकामे राहिले, तर हेच आपल्याकडे घडते. शास्त्रकारांनी आंबट झालेल्या अशा द्रवाला वेगळे नाव देऊन वेगळ्या वर्गात ठेवले आहे. त्याला अरिष्ट म्हणून विकणे शास्त्राला धरून नाही.

लोण्याचा वास डायअसेटिलमुळे येतो. यीस्ट तो पदार्थ निर्माण करते आणि पुरेसा अवधी मिळाल्यास स्वतःच नाहीसा करते; तो राहिला तर बहुधा घाई झालेली असते. हिरव्या सफरचंदाचा वास असेटाल्डिहाइडचा. तोही पुष्कळदा अपुऱ्या संधानाची खूण असतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे प्राणवायूच्या संपर्काने व उष्णतेने पेय जुने झाले. उन्हात ठेवलेल्या बिअरला येणारा उग्र वास हॉप्समधील कडू घटकांवर प्रकाशाची क्रिया झाल्याने येतो. अरिष्टात हॉप्स नसल्याने तो विशिष्ट दोष येणार नाही. तरीही तपकिरी बाटली आणि सावलीतील फळी यांचे महत्त्व कमी होत नाही.

बाटली उघडताच अरिष्ट फसफसून बाहेर आले, तर शर्करा शिल्लक असताना व यीस्ट जिवंत असताना ते भरले गेले, हे उघड आहे. संधान पूर्ण झाल्याची पारंपरिक लक्षणे, म्हणजे आवाज थांबणे, प्रक्षेप तळाशी बसणे, पात्रात नेलेली जळती काडी न विझणे, चुन्याच्या निवळीचा दुधीपणा थांबणे, ही सर्व कर्बवायूचे उत्सर्जन संपल्याची लक्षणे आहेत. यांना हायड्रोमीटरची जोड द्यावी. बिअर बनविणारे किण्वनापूर्वीचे व नंतरचे विशिष्ट गुरुत्व मोजतात. ते १.०४० वरून १.०१० वर आले तर मद्यांश सुमारे ४ टक्के होतो. अरिष्टात विद्राव्य घटक पुष्कळ असल्याने मद्यांशाचा निर्णय ऊर्ध्वपातनानेच करावा. परंतु गुरुत्वाचा आकडा सलग तीन दिवस स्थिर राहिला की संधान थांबले, हे समजण्यास हे स्वस्त उपकरण पुरेसे आहे. मात्र थांबणे आणि पूर्ण होणे यांत भेद आहे. थंडीने अर्ध्यावर थांबलेले संधान उन्हाळ्यात बाटलीत पुन्हा सुरू होते.

तीन पेल्यांची कसोटी

तुलनेच्या शास्त्रात मद्यनिर्मिती उद्योगाने जगाला दोन मोठ्या देणग्या दिल्या. गिनेसमध्ये १८९९ साली रुजू झालेले विल्यम गोसेट यांच्यापुढे प्रश्न होता की, थोड्याच नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा. त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने उत्तर प्रसिद्ध केले. आज वैद्यकीय संशोधनात सर्वत्र वापरली जाणारी टी-कसोटी तीच. आयुर्वेदाचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधात ती वापरतात, तेव्हा ते एका मद्यशाळेचे ऋण घेत असतात, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

दुसरी देणगी त्रिकोण-कसोटी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेत १९४० च्या दशकात ती विकसित झाली. परीक्षकासमोर तीन पेले ठेवतात. दोहोंत एकच नमुना, तिसऱ्यात दुसरा. वेगळा कोणता, एवढेच विचारतात. केवळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते.

ही कसोटी लहानातील लहान फार्मसीलाही करता येईल. मागील घाण्याचे द्राक्षारिष्ट राखून ठेवावे आणि नव्या घाण्याशी त्याची तुलना करावी. पेल्यांवर नावे न लिहिता अंक टाकावेत, क्रम बदलता ठेवावा आणि मालकाने आपले मत आधी बोलून दाखवू नये. नऊ जणांची परीक्षा घेतली तर निव्वळ अंदाजाने सरासरी तिघांचे उत्तर बरोबर येईल. सहा किंवा अधिक जणांनी वेगळा पेला ओळखला, तर तो योगायोग असण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी उरते. दोन घाणे खरोखर भिन्न आहेत असे धरून कारण शोधावे. बारा जण असतील तर आठ बरोबर उत्तरे हवीत. एका वेळी ५ मिलीलीटर नमुना पुरतो. जे मद्यांश घेत नाहीत त्यांना केवळ गंधावरून परीक्षा करू द्यावी. कोणावरही सक्ती नसावी.

रस कळतो, विपाक नव्हे

येथे एक मर्यादा ठामपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. द्रव्याचा रस जिभेशी संयोग होताच कळतो, विपाक त्याच्या कर्मावरून कळतो आणि वीर्य संयोगापासून शरीरात असेपर्यंतच्या क्रियेवरून कळते, असा चरकाचार्यांचा अभिप्राय आहे. म्हणजे चाखण्याने औषधाचा एकसारखेपणा व निर्दोषता तपासता येईल. त्याची उपयुक्तता सिद्ध होणार नाही. चांगले लागणारे अरिष्ट गुणकारी असतेच असे नाही.

या मर्यादेचा विसर पडला की काय होते, याचेही उदाहरण स्टाउटच्या इतिहासात आहे. गिनेसने १९२९ मध्ये आपली पहिली मोठी जाहिरात मोहीम काढली, तिचा आशयच गिनेस आरोग्यास हितकर आहे असा होता. आयर्लंड व ब्रिटनमध्ये प्रसूत स्त्रियांना व रक्तदात्यांना तो रक्तवर्धक म्हणून देण्याची प्रथाही होती. काळा वर्ण आणि दाट फेस पाहून त्यात लोह भरपूर असेल, असे लोकांस वाटे. प्रत्यक्षात त्यातील लोह नगण्य असते. ते दावे कंपनीने पुढे सोडून दिले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मद्ययुक्त पेये कर्कजनक ठरविली आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे निवेदन केले.

आपली अरिष्टे मात्रेत, पाण्यासह व निदानानुसार दिली जातात. पेला भरून नव्हे. तरीही स्वयंजनित मद्यांश हा मद्यांशच आहे. 'हे तर आयुर्वेदिक आहे' असे म्हणून गर्भिणी, बालक, यकृताचा रुग्ण किंवा व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिरामसारखे औषध घेणारा रुग्ण यांना विचारपूस न करता बाटली देणे, हे काळ्या रंगाला लोह समजण्याइतकेच अविचाराचे आहे. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाच्या हाती नकळत अरिष्ट पडले, तर त्याची किंमत त्याच्या घराला मोजावी लागते. लेबलावरील मद्यांशाचा उल्लेख विक्रेत्याने स्वतः वाचावा व ग्राहकास वाचून दाखवावा. अशा रुग्णांसाठी क्वाथ, चूर्ण, वटी हे पर्याय वैद्यांच्या हाताशी आहेतच.

आमची सूचना

शेड्यूल टीनुसार उत्तम निर्मितीपद्धती २००० साली अधिसूचित झाल्या. त्यांतील नोंदींबरोबर प्रत्येक फार्मसीने आसवारिष्टांसाठी एक आस्वादन-वही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. घाणा क्रमांक, संधान बसविल्याचा दिनांक व ऋतू, धायटीच्या फुलांचा व गुळाचा स्रोत, आरंभीचे व अखेरचे गुरुत्व, पीएच, आणि त्यापुढे वर्ण, गंध, रस, पोत, अनुरस असे पाच रकाने. रकान्यात 'ठीक' हा शब्द लिहू नये. काय जाणवले ते लिहावे. प्रत्येक घाण्याच्या दोन बाटल्या राखून ठेवाव्यात. वैद्यांनीही एखादी बाटली बिघडलेली वाटल्यास केवळ परत न करता, घाणा क्रमांकासह काय जाणवले ते कळवावे.

ज्या जुन्या कारागिरांच्या जिभेवर आज आपल्या अरिष्टांची प्रत अवलंबून आहे, त्यांना या वहीचे पहिले लेखक करावे. त्यांच्याजवळ दोन तरुण सहायक बसवावेत आणि ते 'आता उतरले' म्हणतात तेव्हा त्यांना नेमके काय जाणवते, ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. हे काम खर्चाचे नाही, परंतु ते लांबणीवर टाकण्यासारखेही नाही. येत्या हेमंतात बसणाऱ्या पहिल्या संधानापासूनच त्यास आरंभ व्हावा, ही विनंती.